‘महा’ एवढेच टाइप केल्यावर

इंटरनेटवरील संकेतस्थळे उघडून दाखवणाऱ्या संगणकप्रणालीला ब्राउझर म्हणतात, आणि तिच्या माथ्यावर जी अरुंद, पांढरी, आडवी चौकट असते तिला ॲड्रेस बार असे नाव आहे. या चौकटीत संकेतस्थळाचा पत्ता टाइप करावयाचा असतो, असे संगणकाच्या पाठ्यपुस्तकांत आजही छापले जाते. प्रत्यक्षात असा पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत टाइप केलेला माणूस लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात सापडणे कठीण आहे, कारण दोन-तीन अक्षरे उमटताच उरलेला पत्ता ब्राउझर आपल्या मनाने पुरा करतो, आणि पुरा झालेला पत्ता आपल्याला हवा तोच आहे की नाही हे डोळ्यांनी पाहण्याआधीच बोटाने एंटरची कळ दाबलेली असते. या सोयीला ऑटोकम्प्लीट म्हणतात. ती बंद करता येते, निदान तसे सांगितले जाते. आणि ती बंद करावी असे ज्यांना मनापासून वाटते अशांची संख्या मोठी नसली तरी त्यांची तक्रार विचार करण्याजोगी आहे.

पत्त्याची रचना आधी थोडक्यात सांगितली पाहिजे. संकेतस्थळाच्या पत्त्याला यूआरएल म्हणतात. त्यात प्रथम दळणवळणाची पद्धत, मग दोन तिरप्या रेघा, मग संकेतस्थळाचे नाव आणि त्यापुढे आतल्या पानाची वाट असा क्रम असतो. या व्यवस्थेचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००९ साली असे बोलून दाखवले की त्या दोन तिरप्या रेघांची खरे तर गरज नव्हती. जगभरच्या बोटांचे जे श्रम तोवर वाया गेले होते त्यांची भरपाई कोणी मागितल्याचे दिसत नाही, याचे कारण बहुधा एवढेच की तोवर त्या रेघा टाइप करणारे फारसे कोणी उरलेच नव्हते. जून २००८ मध्ये आलेल्या फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीने पूर्वी पाहिलेल्या पानांच्या शीर्षकांतूनही पत्ता हुडकण्याची विद्या ॲड्रेस बारला शिकवली होती, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अवतरलेल्या क्रोमने पत्ता आणि शोध या दोहोंसाठी एकच चौकट ठेवली होती, आणि गूगलने डिसेंबर २००४ मध्ये प्रयोग म्हणून सुरू केलेली, अर्धवट लिहिलेला शोध पुरा करून देण्याची सोयही पुढे त्याच चौकटीत येऊन बसली.

परिणामी या चौकटीतील अंदाज दोन दिशांनी येतो. एक घरचा, म्हणजे त्याच संगणकावरील मागील भेटींच्या नोंदींतून निघालेला. दुसरा बाहेरचा, म्हणजे शोधयंत्राने दूरवरून पाठवलेला. घरच्या अंदाजाचे गणित फायरफॉक्सने ‘फ्रीसेन्सी’ या नावाने मांडले आहे: एखादे पान किती वेळा उघडले आणि किती अलीकडे उघडले, या दोहोंचा मेळ घालून जो आकडा येतो तो फ्रीसेन्सी, आणि ज्याचा आकडा मोठा त्याला वरचा मान. लग्नपत्रिकेतील निमंत्रकांची नावेही साधारण याच सूत्राने लावली जातात. ते सूत्र फक्त कोणी लिहून ठेवलेले नाही. बाहेरच्या अंदाजाला मात्र औशाची ओळख नसते. गावाचे नाव रोमन लिपीत लिहू पाहणाऱ्याने ए, यू आणि एस ही तीन अक्षरे टाइप केली की शोधयंत्र त्याला ऑस्ट्रेलियाकडे लोटू लागते, आणि लातूरपासून वीसेक किलोमीटरवरचे हे तालुक्याचे गाव चौथे अक्षर पडेपर्यंत एका अख्ख्या खंडाआड दडून राहते. क्रिकेटचा सामना चालू असल्यास चौथ्या अक्षरानंतरही खात्री देता येत नाही.

घरच्या अंदाजाच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते असे की एका संगणकासमोर एकच माणूस बसतो, आणि तो काल जे करत होता तेच थोड्याफार फरकाने आज करणार असतो. कॅलिफोर्नियात हे खरे असेल. औशात तहसील कार्यालयाच्या आणि बसस्थानकाच्या आसपास ज्या जागेला शासन ‘आपले सरकार सेवा केंद्र’ म्हणते आणि लोक ‘सेतू’, ‘ऑनलाईन सेंटर’ किंवा नुसतेच ‘ऑनलाईनवाला’ म्हणतात, तेथील एकेक संगणक दिवसभरात कित्येक गावांचा असतो. त्याच्यासमोर बसलेला चालक बावीस वर्षांचा असला तरी सत्तर वर्षांचा शेतकरी त्याला ‘सर’ म्हणतो, आणि चालक त्याला ‘मामा, ओटीपी आला का बघा’ असे म्हणून त्याच्याच मोबाईलमध्ये डोकावतो. ओटीपी म्हणजे मोबाईलवर येणारा, थोडा वेळच चालणारा आणि त्या थोड्या वेळात चष्मा सापडत नसल्याने वाया जाणारा आकडा. ब्राउझरला या गर्दीतील कोणीच दिसत नाही. त्याच्या लेखी समोर एकच नागरिक आहे, आणि तो सकाळी दहा वाजता सातबारा काढतो, साडेदहाला दहावीचा निकाल पाहतो, अकराला निराधार योजनेत विधवा म्हणून अर्ज भरतो, बाराला ट्रॅक्टरसाठी अनुदान मागतो आणि दुपारच्या जेवणाआधी पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचे प्रवेशपत्र छापून घेतो. इतका उद्योगी आणि इतका अडचणीत सापडलेला माणूस पुढे काय करील याचा अंदाज बांधणे कोणत्याही गणिताला जड जाणारच. तरीही ब्राउझर तो बांधतो, आणि बिनदिक्कत बांधतो.

या गोंधळात भर घातली आहे ती महाराष्ट्र शासनाच्या नामकरणपद्धतीने. शासकीय संकेतस्थळांना नावे देणाऱ्यांची ‘महा’ या उपसर्गावर अढळ निष्ठा असून, महाडीबीटी, महाभूमी, महाऑनलाईन, महारेरा, वीज कंपनीचे महाडिस्कॉम अशी ही मालिका वाढतच गेली आहे. एम, ए, एच आणि ए ही चार अक्षरे टाइप केल्याने वापरणाऱ्याला काय हवे आहे याविषयी ब्राउझरला एवढेच कळते की माणूस महाराष्ट्रातला आहे. केंद्रातला कळफलक जवळून पाहिल्यास या निष्ठेची खूण तेथे उमटलेली आढळते: एम, ए आणि एच या कळांवरची पांढरी अक्षरे झिजून नाहीशी झालेली असतात आणि त्या जागी बोटाचा काळपट, तेलकट खळगा उरलेला असतो, तर त्याच कळफलकावरच्या क्यू आणि झेड या कळा आजच दुकानातून आणल्यासारख्या कोऱ्या दिसतात. ‘महा’पाशी बोट क्षणभर थांबते, तेवढ्यात पुढचा पत्ता निळसर पट्ट्यात आपोआप उमटतो, हा पट्टा म्हणजे ब्राउझरने सुचवलेला, अजून न टाइप झालेला भाग, आणि तो मान्य नसेल तर पुढचे अक्षर टाइप करून किंवा मागे जाण्याची कळ दाबून तो खोडता येतो. खोडण्यासाठी तो वाचावा लागतो. मागे सात माणसे उभी असताना तो वाचला जात नाही.

महाडीबीटी या संकेतस्थळाची गोष्ट तर विशेषच आहे. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या आणि शेतकऱ्यांची अनुदाने या दोन्ही गोष्टी शासनाने याच एका नावाखाली आणल्या, त्यामुळे दोहोंच्या पत्त्यांचा आरंभ दीर्घकाळ एकच राहिला आणि फरक पडला तो तिरप्या रेघेनंतर. ऑटोकम्प्लीटला तिरप्या रेघेपर्यंत थांबण्याइतका धीर नसतो. सकाळपासून शेतकऱ्यांचे अर्ज भरले गेले असतील तर तंत्रनिकेतनात शिकणारी, शिष्यवृत्तीसाठी आलेली मुलगी खुर्ची ओढून बसते तेव्हा समोर शेतकरी योजनांचे पान उघडलेले असते, आणि जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला व गुणपत्रक हातात घेऊन ती रोटाव्हेटरच्या उंबरठ्यावर उभी असते. उलट प्रकार शिष्यवृत्तीच्या हंगामात घडतो, आणि त्या वेळी रोटाव्हेटर मागायला आलेल्या गृहस्थाला बारावीची टक्केवारी विचारली जाते. निकालाच्या संकेतस्थळाने वेगळीच खोडी केली आहे. त्याच्या रोमन नावात ‘मह’नंतरचा ए गाळलेला असल्यामुळे ते महाराष्ट्र शासनाच्या ‘महा’ कुळातले असूनही एका कान्याने दरिद्री राहिले आहे, आणि निकालाच्या दिवशी घाईने काना देणाऱ्या पालकांना भलत्याच दारात उभे करते.

केंद्र सरकारने ‘महा’ वापरले नाही, ‘पीएम’ वापरले. पीएम-किसान ही वर्षाला सहा हजार रुपये तीन हप्त्यांत देणारी योजना २०१९ पासूनची. पीएमएफबीवाय, म्हणजे प्रधानमंत्री पीक विमा योजना, २०१६ पासूनची. दोन्हींचे पत्ते ‘पीएम’ने सुरू होतात आणि दोन्हींचा ग्राहक एकच असतो, तेव्हा चूक झाली तरी माणूस बदलत नाही, फक्त त्याची आशा बदलते. खरीप २०२३ पासून दोन वर्षे राज्यात शेतकऱ्याच्या वाट्याला विम्याचा एकच रुपया ठेवलेला होता, त्या काळातील जुलै महिन्यांत सोयाबीन पेरून मोकळा झालेला सबंध तालुका या केंद्रांच्या दारात लोटला, आणि ‘पी’ हे एकच अक्षर दाबले की विम्याचे पान उघडू लागले. इतर कोणत्याही कामासाठी ‘पी’ने सुरू होणारा पत्ता टाइप करणे त्या दिवसांत जवळपास अशक्य होते, पॅन कार्ड काढायला आलेल्यांनाही आधी पिकाचे नाव दिसे. पुढे पेरणी सरते, मुदत संपते, गर्दी ओसरते, तरी फ्रीसेन्सीचा आकडा लगेच उतरत नाही, आणि गणपती बसले तरी ब्राउझर खरिपाच्या विम्याचाच आग्रह धरून असतो. मराठवाड्यातल्या एखाद्या माणसाने जुना संगणक उघडून वर्णमालेतील एकेक अक्षर दाबत गेल्यास, कॅलेंडरकडे न पाहता त्याला महिना सांगता येईल, फक्त तो सहा आठवडे मागचा असेल.

ऑटोकम्प्लीटविरुद्धची सर्वांत जुनी तक्रार तिच्या स्मरणशक्तीविषयी आहे: तिला चुकाही पाठ होतात. सातबाऱ्याचे संकेतस्थळ पूर्वी ‘महाभूलेख’ या आरंभाचे होते, नंतर ते ‘भूलेख’ या आरंभाने महाभूमीच्या छत्राखाली गेले. बोलण्यात नाव महाभूलेखच राहिले, आणि जुन्या संगणकांच्या नोंदीत जुना पत्ताही राहिला. नव्या पत्त्यावर पोचल्यावरही काम संपत नाही. तेथे सहा महसुली विभागांतून छत्रपती संभाजीनगर, त्यातून लातूर, लातूरच्या दहा तालुक्यांतून औसा, आणि त्यातून आपले गाव निवडावे लागते, मग गट क्रमांक द्यावा लागतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, तो याहून वेगळ्या आरंभाच्या पत्त्यावर.

परंतु जुना पत्ता सोडवत नाही हा दोष एकट्या यंत्राचा म्हणता येणार नाही. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, तोपर्यंत औसा उस्मानाबाद जिल्ह्यात होता. त्याआधी जन्मलेल्यांच्या कागदांवर ‘ता. औसा, जि. उस्मानाबाद’ असा उल्लेख सापडतो, आणि ‘जन्माचा जिल्हा कोणता’ या प्रश्नावर त्यांचे तोंड आजही त्याच वळणाने उत्तर पुरे करते. दरम्यान उस्मानाबादचेही धाराशिव झाले. चालकापुढे आता असा माणूस उभा असतो ज्याचा जिल्हा एकदा कागदावर बदलला आणि नंतर त्या जुन्या जिल्ह्याचे नावच बदलले, आणि ज्याला अर्जातील यादीत आपला जन्म सापडत नाही. किल्लारी परिसराचा उल्लेख या संदर्भात टाळलेला बरा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तेथील गावांना ज्या कारणाने नवे पत्ते मिळाले ते विनोदाच्या कक्षेत येत नाही.

पत्ता आखूड करण्याचा याहून यशस्वी उपक्रम इंटरनेटच्या पुष्कळ आधी झाला, आणि तो मराठी माणसाने केला. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड, म्हणजे टपाल कार्यालयाची ओळख पटवणारा सहा आकडी क्रमांक, देशात सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांतली हस्ताक्षरे यांवर तो उपाय होता. औशाचा पिन ४१३५२०. वेलणकरांच्या योजनेचे मोठेपण असे की सहावा आकडा पडल्याशिवाय ती कोणताही अंदाज बांधत नाही. आणि ते शहाणपणाचे आहे, कारण ४१३ हा आरंभ सोलापूर, लातूर, धाराशिव आणि थेट बारामतीपर्यंत वापरात आहे. पहिल्या तीन आकड्यांवर भिस्त ठेवून पत्ता पुरा करणारे यंत्र औशाच्या माणसाला बारामतीला नेऊन सोडील. राजकारणात असे प्रवास झालेले आहेत, पण ते स्वखुशीने.

दुसरी तक्रार गोपनीयतेची. ब्राउझरची नोंद ही वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असते, मात्र पुढच्या माणसाने एक अक्षर दाबताच ती त्याच्याही सोयीची होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक दुपारच्या सुट्टीत ऑनलाईन बदलीचा अर्ज चाचपून जातो आणि संध्याकाळी त्याच खुर्चीत बसलेल्या मुख्याध्यापकांना भलतेच काही शोधताना बदलीचे पान उघडून मिळते. विवाहजुळणीचे संकेतस्थळ कोणाच्या घरी पाहिले जात आहे, हे घरच्यांच्या आधी झेरॉक्सच्या रांगेत कळते. इन्कॉग्निटो, म्हणजे भेटींची नोंद मागे न ठेवणारी खिडकी, प्रत्येक ब्राउझरमध्ये असते, पण प्रत्येक गिऱ्हाईकामागे ती नव्याने उघडून, पासवर्ड नव्याने टाकून, वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅपचा नव्याने ओळखत बसण्याइतकी सवड चालकाला नसते. या बाबतीत औशाच्या किल्ल्याचे उदाहरण बोधप्रद ठरावे. बहमनी काळातील हा भुईकोट उंचवट्यांनी वेढलेल्या खोलगट जागेत बांधलेला आहे. आतल्या सर्वांत उंच जागेवरून दूरवरून येणारी फौज दिसे, फौजेला मात्र किल्ल्याचा मुख्य भाग दिसत नसे. ब्राउझरची बांधणी करणाऱ्यांनी नेमका उलटा आराखडा स्वीकारला, आणि आत बसलेल्याला बाहेरचे काही कळो न कळो, त्याच्या मागून येणाऱ्याला आतले सर्व दिसेल अशी तजवीज केली. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली संमत झाला. ‘बी’ दाबल्यावर बदलीचे पान उघडू नये असे त्यात कोठे म्हटलेले नाही.

तेव्हा ही सोय बंद कशी करावी, याकडे वळणे भाग आहे. फायरफॉक्समध्ये त्यासाठी ॲड्रेस बारमध्येच ‘अबाउट:कॉन्फिग’ असे टाइप करून ब्राउझरच्या अंतर्गत कारभाराचे पान उघडावे लागते. पूर्वी या पानाच्या दारात, येथे हात घातल्यास तुमची वॉरंटी जाऊ शकते, असा इशारा असे, आणि मी काळजी घेईन, असे वचन दिल्यावरच आत सोडले जाई. फुकट मिळालेल्या वस्तूची वॉरंटी जाण्याची भीती घालणारे हे बहुधा एकमेव दालन असावे. आता तेथे ‘जोखीम मान्य आहे’ एवढ्यावर भागते. आत ‘ऑटोफिल’ नावाची नोंद शोधून तिचे मूल्य ‘खोटे’ असे करावयाचे असते. यातील गंमत अशी की ‘अबाउट:’ एवढे टाइप करताच उरलेल्या पत्त्याची सूचनाही ब्राउझरच पुढे करतो, आणि स्वतःला संपवण्याच्या कामीही ऑटोकम्प्लीट शेवटपर्यंत तत्परतेने सेवा बजावते.

क्रोममध्ये सेटिंगांच्या आत, गूगल सेवांच्या दालनात, शोध आणि पत्ते पुरे करण्याचा एक खटका असतो. तो बंद केल्यावर टाइप केलेली अक्षरे शोधयंत्राकडे जाणे थांबते, म्हणजे ऑस्ट्रेलिया बंद होतो. घरच्या नोंदीतून येणारा अंदाज मात्र चालूच राहतो, म्हणजे मुख्याध्यापकांना बदलीचे पान दिसायचे ते दिसतेच. खटका बंद करून निर्धास्त झालेल्यांची निराशा येथेच होते. एकच अडचणीची सूचना काढून टाकायची असेल तर बाणाच्या कळेने तिच्यावर जाऊन शिफ्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबाव्यात. हा उपाय साधा, विनाशुल्क आणि परिणामकारक असून तो कोणालाच ठाऊक नसतो. सर्वच नोंद पुसून टाकणे हा शेवटचा मार्ग, आणि त्यानंतर ब्राउझर नवजात बालकासारखा निर्विकार होऊन बसतो.

या निर्विकारतेची किंमत थोडी नाही. मुदतीच्या दिवसांत सरकारी नावाशी साधर्म्य असलेली बनावट संकेतस्थळे डोके वर काढतात, आणि काल उघडलेले खरे पानच आज पुन्हा उघडून देणारी ऑटोकम्प्लीट तेथे नकळत राखण करीत असते. ती गेली की एका अक्षराच्या चुकीने माणूस ठकाच्या दारात पोचू शकतो. म्हणून सोय बंद केलेल्या केंद्रात पत्ते कागदावर येतात. वहीच्या आडव्या रेघांच्या पानावर निळ्या शाईने सहा-सात पत्ते लिहून ते पान मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावले जाते, आणि उन्हाळ्यात चिकटपट्टी सुटली की ते पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत राहते. चालक त्याकडे पाहत ‘महा’ टाइप करतो, थांबतो, मान वर करतो. तोवर मागे उभ्या असलेल्यांपैकी एकाने ‘डीबीटी’ म्हटलेले असते, दुसऱ्याने ‘डॉट महाराष्ट्र’ जोडलेले असते, तिसऱ्याने ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा शेवट केलेला असतो, चौथ्याने ‘सर्वर डाऊन हाय, सकाळपास्नं चालंना’ हा निर्वाळा दिलेला असतो, आणि पाचवा, ज्याला मुळात आधार कार्डावरचा मोबाईल क्रमांक बदलायचा असतो, तो खांद्यावरून वाकून म्हणतो, ‘मारा की सर एंटर.’